नत्थुजीनं राखलेलं गवत

आम्ही अमरावतीच्या कँपातला तो बंगला घेतला, तेव्हा विहीर, चिंचेची झाडं आणि नत्थुजी माळी हे बंगल्यासोबतच आले. लढाईचे दिवस होते. माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, खुशालराव इथल्या कोर्टात वकिली करत. गावी दर्यापूरकडे काळ्या मातीचं वावर, त्यावर सासरे नि बाकीची माणसं, आणि अमरावतीत आम्ही चौघं: भासरे, माझी जाऊबाई सत्यवती, माझे मालक आणि मी.

बंगला एका इंजिनेर साहेबानं बांधवलेला. तो विलायतेला परत गेल्यावर दुसरे साहेब आले नि गेले, पण नत्थुजी हलले नाहीत. मागच्या बाजूला त्यांची खोली होती. जातीचे फुलमाळी. उंच, वाळकी काठी, पांढऱ्या मिशा. कमरेला करदोट्यात एक किल्ली नेहमी लटकलेली असे. बोलणं मोजकं. एकटेच राहत, एकटेच भाकरी थापत. बायको कधीच वारली आणि मुलगी चांदूर रेल्वेला दिली आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

बंगल्यासमोर लॉन होतं. लॉन म्हणजे काय ते मला तोवर ऐकून माहीत. पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी हिरवी सतरंजी अंथरून विसरून गेलं आहे. साहेबानं काळ्या मातीवर गाड्याच्या गाड्या लाल माती आणून टाकली होती आणि वर कलकत्त्याकडून आणवलेलं बारीक, मऊ गवत लावलं होतं. नत्थुजी ते यंत्रानं कापत, लोखंडी रूळ फिरवून दाबत आणि सकाळ-संध्याकाळ मोटेचं पाणी देत. मधे हरळीची एखादी काडी उगवली तरी गुडघ्यावर बसून मुळासकट उपटत. कँपातल्या बाकीच्या बंगल्यांची लॉनं साहेब गेल्यावर होळीआधीच पिवळी पडायची. आमचं चैत्रातही हिरवंगार. भासऱ्यांना त्याचा मोठा अभिमान. संध्याकाळी वेताच्या खुर्च्या मांडून ते मित्रांना तिथं चहा पाजत.

जाऊबाईला मात्र ते गवत पहिल्या दिवसापासून सोसेना. ती मोर्शीकडची, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. बोलायला रोखठोक, पण मनानं फार हळवी. उन्हाळा लागला तसं तिनं पाहिलं, मागच्या वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्या कुंपणाच्या कडेकडेनं लांब तलावाकडे जातात. जाताना आत पाहतात. आत मोट उपडी होत असते आणि पाणी गवतात मुरत असतं. फक्त पाहत, आणि पुढं जात.

एके सकाळी तिनं नत्थुजींना हाक मारली.

"नत्थुजी, हे गवत कोणतं जनावर खाते?"

"जनावराले मी आत शिरूच देत नाही जी."

"मंग माणूस खाते?"

नत्थुजी जरासे हसले. "पाहाले असते बाईसाहेब. साहेबलोक पाहेत."

"साहेब गेले. आमी पाहून पाहून थकलो. हे काढून टाका. आपल्या रानातली झाडं लावू. तरवड, धायटी, निरगुडी. त्याईले पाणी लागत नाही नि कोणी पुसतही नाही."

नत्थुजींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी खाली वाकून गवतावर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा, आणि मोटेकडे गेले.

रात्रीच्या जेवणाला भासऱ्यांनी कुरकुर केली. "तरवड काय, वावराच्या धुऱ्यावर, बांधावर लागते ते. लोक म्हणतीन, वकिलानं बंगला घेतला नि दारात रान माजवलं. मी चार माणसं बोलावली तं बसवू कुठी?"

"वसरीत बसवा," जाऊबाई म्हणाली. "तिथं सावली तरी हाये."

भासरे तिच्यापुढं फार टिकत नसत. चैत्र संपता संपता तिनं कामावर दोन गडी बोलावले. कुदळी-फावडी घेऊन ते लॉनच्या कडेला आले, तर गवताच्या बरोबर मधोमध नत्थुजी मांडी घालून बसलेले. ऊन चढलेलं. डोक्याला पागोटंही नव्हतं.

गडी थांबले. जाऊबाई पायऱ्या उतरून गेली. मी तिच्या मागं.

"उठा नत्थुजी. हे काय पोरावानी?"

"गवत नका काढू बाईसाहेब," ते म्हणाले. "मले काढा."

"तुमाले कोण काढते? तुमी इथंच राहासान. गवतात काय ठेवलं हाये येवढं?"

नत्थुजींनी गवतात बोटं रुतवली. मग मान खाली घालूनच म्हणाले, "या गवताले माणूस लागलं हाये जी. माह्या घरचं माणूस."

जाऊबाईनं गड्यांना माघारी पाठवलं. नत्थुजींना वसरीत बसवलं, मी पाणी आणून दिलं. त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, पण आम्हाला समजलं.

विसाच्या साली वऱ्हाडात पाऊस आलाच नव्हता. पुढचा उन्हाळा भयंकर. तलावाचा गाळ उघडा पडला, वस्तीतल्या विहिरी कोरड्या पडल्या. बंगल्याच्या विहिरीला मात्र पाणी होतं. साहेबाचा हुकूम होता, ते पाणी लॉनसाठी. कोण्या बाहेरच्यानं घागर बुडवायची नाही. विहिरीला लाकडी झाकण होतं, त्याला कुलूप, आणि किल्ली नत्थुजींच्या कमरेला. बायको पार्बताबाई. ती रोज म्हणायची, बायाईले एकेक घागर घेऊ दे. नत्थुजी म्हणायचे, हुकूम नाही. त्यांच्या स्वतःच्या घरासाठी पाणी घ्यायची सूट होती, पण पार्बताबाईनं ते घ्यायचं सोडलं. "बाकीच्या बाया कोरड्या जातीन, अन् मी कोणत्या तोंडानं भरू?" असं म्हणून ती बायांसोबत नाल्यावर जाऊ लागली. नाला आटलेला. रेतीत खोल खड्डा उकरायचा, त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचं. खड्डा दिवसेंदिवस खोल होत गेला. एका सकाळी पार्बताबाई आत उतरली असताना वरची कड ढासळली. बायांनी हातांनी रेती उपसली. तिला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती.

"दुसऱ्या दिवशी म्या गवताले पाणी देल्लं," नत्थुजी म्हणाले. "काहून देल्लं ते मले आजही समजत नाही. पण मंग वाटलं, इचा जीव या गवतापायी गेला. आता हे वाळलं तं तिचा जीव फुकट गेला. तेव्हापासून याले कधी वाळू नाही देल्लं."

जाऊबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती एवढंच म्हणाली, "राहू द्या. नाही काढत."

आणि तिनं खरंच विषय सोडून दिला. पण वैशाखात आमच्याच विहिरीचं पाणी तळाला गेलं. मोट खडकावर आपटू लागली. त्या दिवशी जाऊबाईनं कुंपणाचं मागचं फाटक उघडलं आणि वस्तीतल्या बायांना सांगितलं, इथंच भरा. नत्थुजींना म्हणाली, "गवताचं मी काही म्हणत नाही. पण हिरीचं पाणी आता माणसाईले. किल्ली द्या." नत्थुजींनी करदोटा सैल केला, किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

बाया आल्या. पहिल्या दिवशी भीत भीत, मग ओळीनं. त्यांचं बोलणं, भांड्यांचा आवाज, पोरांची रडारड. बंगल्याला तसलं काही ऐकायची सवय नव्हती. लॉन कडेनं पिवळं पडायला लागलं.

नत्थुजींनी एक दिवस ते पाहिलं. मग त्यांनी कुठून तरी कावड आणली. पहाटेच वडाळीच्या तलावावर जायचे आणि खांद्यावरून पाणी आणून गवतावर शिंपडायचे. साठीच्या पुढचं वय, वर वैशाख. जाऊबाईनं समजावलं, रागावली, शेवटी हात जोडले. ते ऐकत, मान डोलावत आणि पुन्हा कावड उचलत. तेवढ्या पाण्यानं गवताला काय होणार? काळी माती खालून भेगाळली, तशा लाल मातीतही भेगा पडल्या, आणि गवत त्या भेगांच्या कडेनं उसवत गेलं.

एक दिवस ते रस्त्यातच पडले. एका टांगेवाल्यानं आणून घातलं. ऊन लागलं होतं. ताप उतरेना, बरळू लागले. डॉक्टर म्हणाले, कोणी जवळचं असेल तर बोलावून घ्या. माझे मालक गाडीनं चांदूर रेल्वेला गेले आणि त्यांच्या मुलीला घेऊन आले.

कौशल्या तिच्या बापासारखीच उंच होती. लग्न झाल्यापासून तिनं या बंगल्यात पाय ठेवला नव्हता. तिनं कोणाशी फार बोलणं केलं नाही. कांदा ठेचून बापाच्या तळपायांना चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. काळजी सगळी घेतली, पण चेहरा कोरडा. हळूहळू ताप उतरला. नत्थुजी उठून बसले, आणि पहिलं काय विचारलं, तर "गवत कसं हाये?"

मी तेव्हा त्यांच्यासाठी पेज घेऊन दारात उभी होते. कौशल्या फडकं पिळत होती. ती थांबली.

"बाबा, तुमी गवताचं काहून धरून बसले?"

"तुह्या मायचं हाये ते. तिनं जीव देल्ला त्याच्यापायी."

"माय गवतापायी नाही मेली," कौशल्या म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमी कुलूप काढलं नाही म्हून मेली."

"साहेबाचा हुकूम..."

"साहेब कुठी होता? साहेब नि मडम दोघंही चिखलदऱ्याले गेले होते. पाऊस लागेपर्यंत येत नव्हते. बंगल्यात कोणी नव्हतं, बाबा. मी लहान होतो, पण मले समजत होतं. माय तुमच्या पाया पडली. म्हने, कोण पाहून राहिलं? एकेक घागर घेऊ दे. किल्ली तुमच्या कमरेले होती."

नत्थुजी तिच्याकडे पाहत राहिले. मी पेज खाली ठेवली आणि तशीच मागं फिरले. असं काही ऐकायला आपण तिथं असू नये असं मला वाटलं. पण जाऊबाईला मी ते सांगितलं. ती नुसती खाली बसली. "साहेब नव्हता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी कौशल्या चांदूरला परत गेली. बापाच्या पाया पडली, पण पुन्हा येईन असं म्हणाली नाही.

नत्थुजी पुढं कितीतरी दिवस खोलीबाहेर आलेच नाहीत. मृगाच्या आधी, आभाळ भरून यायला लागलं होतं, तेव्हा एका सकाळी कुदळीचा आवाज आला. आम्ही बाहेर येऊन पाहतो तर नत्थुजी लॉन खणत होते. अंगात बळ नव्हतं. कुदळ उचलली की स्वतःच हेलकावे खायचे. जाऊबाई धावली.

"नत्थुजी, राहू द्या. माहा काही हट्ट नाही आता. गडी लावू पाहिजे तं."

"नाही जी," ते म्हणाले. "हे माह्यंच काम हाये. दुसऱ्याले नका लावू."

त्यांनी एकट्यानं ते सगळं काढलं. गवताच्या मुळ्यांचा इतका दाट गुंता झाला होता की माती सुटायची नाही. फावड्यानं चौकोन कापावे लागत, मग तो चौकोन गोधडीसारखा गुंडाळून नेता येई. हिरवं उरलं होतं ते वस्तीतल्या शेळ्यांना टाकलं. खाली लाल माती आणि तिच्याखाली काळी. लॉन होतं तिथं एक मोठी, उघडी, ओबडधोबड जागा उरली. भासरे कोर्टातून आले, गेटापाशी उभं राहून पाहत राहिले, आणि आत गेले.

मग जाऊबाई आणि नत्थुजी दमणीला बैल जुंपून पोहऱ्याच्या जंगलाकडे गेले. मीही एकदा गेले होते. तरवडाची, धायटीची रोपं, निरगुडीच्या फांद्या, अडुळसा, बहाव्याच्या शेंगा, काटेकोरांटी, आणि पवन्या गवताचं बी असं काय काय आणलं. नत्थुजींना यातलं काही लावायचं ठाऊक नव्हतं. जन्मभर असली झाडं त्यांनी तण म्हणून उपटली होती. जाऊबाईलाही खूप कळत होतं अशातला भाग नाही. पहिल्या पावसात लावलेलं अर्धंअधिक मेलं. मुळाला पाणी साचून धायटी कुजली. बहाव्याचं बी उगवलंच नाही. लोक फाटकातून डोकावत आणि विचारत, वकीलसाहेब, बंगला विकता काय?

नत्थुजी मेलेलं उपटत आणि त्या जागी दुसरं लावत. जाऊबाईशी बोलत नसत असं नाही, पण विचारलं तेवढंच. पूर्वी गवताविषयी बोलताना त्यांचा आवाज कसा मऊ व्हायचा, तसा तो परत कधी झाला नाही.

दुसऱ्या वर्षी बाग धरली. तरवडाला पिवळी फुलं आली, निरगुडी कुंपणाच्या वर गेली. पवन्या गवत गुडघ्याइतकं वाढलं, आणि वारा आला की जाऊबाई हातातलं काम टाकून त्याच्याकडे पाहत बसे. उन्हाळ्यात ते सगळं सुकून करडं दिसायचं, पण मरत नव्हतं. कोणी पाणी घालत नव्हतं, रूळ फिरवत नव्हतं. तिला बाग मिळाली. नत्थुजींना मात्र करायला काही उरलं नाही.

सकाळी उठायचे, सवयीनं बाहेर यायचे, इकडे तिकडे पाहायचे आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे. तिथं बाया पाणी भरत. म्हाताऱ्या बायांचा दोर ते ओढून देऊ लागले. बहुतेकींना बरं वाटे. पण एके दिवशी वस्तीतली तानुबाई आली. ती फार म्हातारी, कंबरेत वाकलेली. ती त्या उन्हाळ्यात पार्बताबाईसोबत नाल्यावर होती. रेती उपसणाऱ्यांत तिचेही हात होते. नत्थुजींनी तिचा दोर घ्यायला हात पुढं केला.

"नोको," तानुबाई म्हणाली. "माह्यं मी भरतो."

"दे वो, ओढून देतो. तुह्यानं होत नाही."

"नत्थू, तेव्हा देल्लं नाही, आता तुह्या हातचं मले नाही पायजे."

तानुबाईनं दोर स्वतः ओढला. घागर अर्धीच आली. तेवढीच तिनं डोक्यावर घेतली आणि गेली. नत्थुजी काठावरून उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते वसरीपाशी येऊन जाऊबाईला म्हणाले, "बाईसाहेब, मले पोरीकडे धाडा. इथं माह्यं काही काम नाही."

"ती ठेवीन?"

"ठेवीन. बाप हाव मी तिचा. बोलणार नाही, पण ठेवीन."

कौशल्यानं ठेवलं. आमचे मालक कामानिमित्त चांदूरला जात, तेव्हा डोकावून येत. सांगत, म्हातारा ओट्यावर बसलेला असते, पोरगी वेळेवर जेवू घालते, धोतर धुऊन देते, दोघं एकमेकाशी बोलताना काही दिसत नाही. नातवंडं जवळ येतात, तेवढ्यापुरते नत्थुजी हसतात. स्वातंत्र्य यायच्या आधीच्या थंडीत ते वारले.

काही दिवसांनी कौशल्या बंगल्यावर आली. बापाच्या खोलीत तवा, परात, एक पितळी लोटा, घोंगडी असं जे काही होतं ते न्यायला. जाऊबाईनं तिला चहा करून दिला. मग म्हणाली, "चाल, बाग तं पाहून घे. तुह्या बाबांनीच लावली."

कौशल्या तिच्या मागं निघाली. कार्तिक उलटलेला, गवत सोनेरी झालं होतं. तरवडाच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. पलीकडे विहिरीवर बाया होत्या. कौशल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग झाडांकडे.

"हे तं आमच्या धुऱ्यावर फुकट उगवते," ती म्हणाली.

"हो," जाऊबाई म्हणाली. "पण इथं उगवाले त्याले फार वेळ लागला. ते गवत त्याईनं स्वतः काढलं, कौशल्या. मी सांगतलं नव्हतं. मी तं म्हटलं होतं राहू द्या."

कौशल्यानं एका तरवडाची फांदी बोटांत धरली आणि सोडून दिली.

"मी त्या दिवशी बोललो ते खोटं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"पण त्याच्या पुढं ते घरी माह्याजवळ येऊन राहिले, अन् मी एकदाही दुसरं काही बोललो नाही. दररोज वाटे, आज बोलीन. काय बोलाचं तेच सुचे नाही."

जाऊबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. कौशल्या रडली नाही. तिनं पदर सावरला, घोंगडीत भांडी बांधली आणि स्टेशनवर जायला टांगा कुठं मिळेल ते मला विचारलं. मी नाक्यापर्यंत तिच्यासोबत गेले. टांगा निघाला तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि पुढं ती आम्हाला कधी भेटलीही नाही.